पावसाळ्यातली परसबाग : भाजी कुजते कशामुळे आणि जगते कशी



या अंकात परसबागेवर लिहायचं ठरलं तेव्हा मी आधी नको म्हटलं. कारण परसबागेत माझीच फजिती झालेली आहे, आणि ती तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी डोळ्यांनी पाहिली आहे. पण आपल्या प्रभागातल्या एक मावशी म्हणाल्या, "तेच लिवा की. चुकलं ते लिवलं तर दुसरीचं चुकनार नाय." म्हणून लिहिते.

मी मूळची सोलापूर जिल्ह्यातली. आमच्याकडे वर्षभरात जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस. तिकडे भाजी मरते ती पाण्यावाचून. समाजकार्याचं शिक्षण झालं आणि मी खोपोलीला कामाला आले, तेव्हा मला वाटलं, इथे तर पाणीच पाणी. भाजी आपोआप येईल. पहिल्या वर्षी गटांनी आपल्या बचतीतून प्रत्येकी साठ रुपये काढले, आम्ही बियाण्याची पाकिटं आणली आणि वाटली. कधी वाटली? जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात. तुम्ही लावणीच्या चिखलात उभ्या, आणि मी बांधावर छत्री घेऊन पाकिटं हातात देत होते. पालक, मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, सगळं सपाट जमिनीत. पंधरा दिवसांत निम्म्याहून जास्त घरांत काहीच उरलं नाही. कुठे बी वाहून गेलं, कुठे रोप आलं आणि मान टाकून बसलं.

ऑगस्टच्या बैठकीत त्याच मावशी म्हणाल्या, "मॅडम, बियानं चांगलं व्हतं, पन येळ चुकली तुमची. आनि जागा पन." बैठक संपल्यावर त्या मला घरी घेऊन गेल्या. मागच्या पडवीला लागून बांबूचा मांडव. त्यावर शिराळी लोंबत होती, कारली होती, मोरीच्या पाण्यावर आळू कमरेएवढं. एकही बी माझ्या पाकिटातलं नव्हतं.

मावशींचं बरोबर आणि माझं चूक का ठरलं, हे मी त्यानंतर तुमच्याकडून आणि कृषी खात्याच्या प्रशिक्षणांतून शिकत गेले. सगळं एका वाक्यात सांगायचं तर: आपल्याकडे पावसाळ्यात भाजीला पाणी द्यायचं नसतं, भाजीपासून पाणी काढून द्यायचं असतं. बाकीचा लेख म्हणजे या एका वाक्याचाच विस्तार आहे.

हे एवढं महत्त्वाचं का?

तुमच्या गटाची नोंदवही काढा आणि जुलै-ऑगस्टची पानं बघा. अंतर्गत कर्जाच्या कारणात "घरखर्च" किती वेळा लिहिलंय ते मोजा. त्या दिवसांत मजुरी लावणीपुरती असते, भात हाती यायला दिवाळी उजाडते, आणि बाजारात भाजीचा भाव चढलेला असतो. लावणी सोडून बाजाराला जायलाही वेळ नसतो. मग ताटात काय येतं? भात, डाळीचं पाणी, सुकट नाहीतर बटाटा.

हिशोब करून बघा. रोज अर्धा किलो भाजी धरली आणि भाव किलोला ८० रुपये धरला, तर दिवसाचे ४० रुपये झाले. जून ते सप्टेंबर, १२० दिवसांचे ४,८०० रुपये. आपल्या बाजारातला भाव घालून तुम्ही स्वतः हा आकडा काढा. परसबागेतून सगळी भाजी येत नाही, हे आधीच सांगते. पण निम्मी आली तरी एका गटातल्या दहा घरांचे मिळून २४,००० रुपये वाचतात.

दुसरी गोष्ट अंगातल्या रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे बैठकीत दहा जणी बसल्या असतील तर त्यातल्या पाचपेक्षा जास्त. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था मोठ्या माणसाला रोज साधारण ४०० ग्रॅम भाज्या खायला सांगते, त्यात पालेभाजीही हवी. आणि आपण घरातल्या सगळ्यांना वाढून मग खाली काय उरलं ते घेतो. भाजी दारात असली तर ती सगळ्यांना पुरते, वाढणारीलासुद्धा.

पाण्यात भाजी कुजते कशी?

आधी पाऊस किती ते बघू. कर्जत-खालापूरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पडणं इथे काही नवल नाही. दहा बाय दहा फुटांच्या तुकड्यावर एवढा पाऊस पडला तर साधारण ९३० लिटर पाणी होतं. पंधरा लिटरच्या हंड्याने मोजलं तर बासष्ट हंडे, एका दिवसात, एवढ्याशा जागेवर! आता नुकसान कसं होतं ते बघा.

एक. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात आणि त्यात हवा असते. पाणी साचलं की हवा बाहेर जाते, मुळं गुदमरतात, मग सडतात. भाताला हे चालतं, कारण त्याच्या आतून मुळापर्यंत हवा जायची सोय असते. मिरची-वांग्याला तशी सोय नाही.

दोन. खत धुऊन जातं. पावसाच्या पाण्याबरोबर नत्र खाली उतरतं नाहीतर वाहून जातं. खालची पानं पिवळी पडतात ती बहुतेक यामुळे.

तीन. ऊन नसतं. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, गारठा असतो. झाड हळू वाढतं, पानं सुकत नाहीत, आणि ओल्या पानावर बुरशी धरते.

चार. चिखल उडतो. थेंब जोरात पडला की माती उडून खालच्या पानांना लागते. त्या मातीत रोग असतो.

पाच. मधमाशी येत नाही. पावसात ती उडत नाही. मग वेलाला फुलं भरपूर येतात, पण फळ बोटाएवढं झालं की पिवळं पडून गळतं. याला बऱ्याच जणी "नजर लागली" म्हणतात. नजर नाही ताई, परागीकरण झालेलं नसतं.

उपाय पहिला : जागा उंच करा

बी टाकायच्या आधी जागा तपासा. हातभर खोल खड्डा करून बादलीभर पाणी ओता. ते जिरलं की परत ओता. दुसऱ्यांदा ओतलेलं पाणी दोन-तीन तास तसंच राहिलं, तर त्या जागी आळू सोडून दुसरं काही सपाट जमिनीत लावू नका.

मग काय करायचं? गादीवाफा करायचा. रुंदी तीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि आत पाय टाकावा लागत नाही. उंची किमान एक फूट. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, आणि माती चिकट असेल तर भाताचं तूस मिसळा. कडेला दगड, विटा किंवा बांबू लावा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात वाफा बसतो. वाफ्याभोवती चर काढा, आणि चराचं तोंड कुठेतरी खाली उघडलं पाहिजे. तोंड बंद असेल तर तो चर नाही, डबकं आहे.

जागाच नसेल तर गोण. सिमेंटची रिकामी गोण झटकून, धुऊन घ्या. बुडाला आणि खालच्या बाजूला बोट जाईल एवढी आठ-दहा भोकं पाडा, तळाला चार बोटं खडी किंवा कौलाचे तुकडे टाका, वर माती भरा. गोण थेट जमिनीवर ठेवू नका, दोन विटांवर ठेवा. औषध फवारणीच्या पदार्थांची गोण किंवा डबा मात्र अजिबात वापरू नका, कितीही धुतला तरी. आपल्या एका वाडीत अंगण म्हणजे दरवाजासमोरची चार पावलं. तिथल्या एका ताईने पडवीच्या कडेला पाच गोणी ठेवून चार मिरच्या, एक वांगं आणि माठ घेतला. कौलाचं पाणी गोणीत पडत नाही एवढंच तिने पाहिलं होतं.

आणि घर उताराला असेल तर वाफा करायला घराच्या मागची दरड कोरू नका. भाजी गोणीतही येते.

उपाय दुसरा : वेल मांडवावर चढवा

पावसाळ्याची खरी भाजी वेलाची. शिराळी, घोसाळी, कारलं, पडवळ, काकडी, दुधी, तांबडा भोपळा. मुळाशी उंचवटा केला की बाकी सगळा वेल पाण्याच्या आणि चिखलाच्या वर राहतो. पानांना वारा लागतो, ती लवकर सुकतात.

मांडव सहा फूट उंच करा, खालून उभ्याने चालता आलं पाहिजे. जागा सकाळचं ऊन मिळेल अशी. बांबू मेमध्येच पुरून घ्या, कारण जुलैत खड्डा खणायला कोणाला वेळ नसतो. कौलांवर वेल सोडला तर येतो छान, पण तोडायला चढावं लागतं, कौलं सरकतात आणि घर गळतं. माकडांचा त्रास असेल तर कारलं, आळू, सुरण जास्त लावा. आपल्या ताईंचा अनुभव असा की यांच्या वाटेला माकडं फारशी जात नाहीत. मांडवाखाली पालापाचोळ्याचा ढीग करू नका, साप-विंचू बसतात.

तांबडा भोपळा, काकडी, कारलं यांची फुलं सकाळी उमलतात. दुधी आणि शिराळीची संध्याकाळी. झडी लागलेली असेल तर हाताने परागीकरण करा. ज्या फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं ते मादी फूल. नुसत्या बारीक दांड्यावर असतं ते नर. नर फूल तोडा, पाकळ्या काढा, आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्ये हलकेच फिरवा. वरून एका पानाची टोपी करून ठेवा, म्हणजे पराग धुऊन जात नाही. एका फुलाला अर्धं मिनिट लागतं. हे काम पोरांना सांगा, ती आवडीने करतात.

उपाय तिसरा : खत थोडं थोडं द्या

पावसाळ्यात एकदम भरपूर खत घातलं तर ते ओढ्याला जातं. उघडीप बघून पंधरा दिवसांनी थोडं थोडं द्या. घरच्यापुरतं जीवामृत असं करा: २० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवा, दिवसातून दोनदा काठीने ढवळा, तिसऱ्या दिवसापासून वापरा आणि आठवड्यात संपवा. झाडाच्या बुडाशी तांब्याभर पुरे.

एक खूण लक्षात ठेवा. नुसती खालची पानं पिवळी असतील आणि झाड ताठ असेल, तर खत हवंय. माती ओली असून झाड मान टाकत असेल, तर मुळं सडताहेत. तिथे खत घालू नका, आधी चर मोकळा करा.

उपाय चौथा : थेंबाचा मार आणि गोगलगाय

माठ, मुळा असलं बारीक बी उघड्यावर टाकलं तर पहिल्या सरीला गोळा होऊन वाहतं. वाफ्यावर चार काठ्या रोवून जुनी मच्छरदाणी किंवा जुनी सुती साडी ताणून बांधा. पाणी खाली येतं, पण मार बसत नाही. बी वाळूत मिसळून टाका, म्हणजे एका जागी दाट पडत नाही. मोठ्या झाडांच्या बुडाशी पातळ पेंढा पसरा, चिखल उडायचा थांबतो.

पेंढ्यात गोगलगाय बसते, हा त्याचा तोटा. राख आणि चुना पावसात टिकत नाही. त्यापेक्षा संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ओलं गोणपाट टाका, त्याखाली पपईची किंवा कोबीची पानं ठेवा. सकाळी गोणपाट उलटा, सगळ्या तिथे जमलेल्या असतात. हातात पिशवी घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. नंतर साबणाने हात धुवा. रोग धरलेली पानं आणि किडकी फळं तिथेच टाकू नका, लांब नेऊन पुरा. ओली पानं हाताळू नका, रोग एका वेलाचा दुसऱ्याला आपणच नेतो. आणि पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात अनवाणी जाऊ नका. लेप्टोची भीती असते.

काय लावायचं, काय नाही

पाच माणसांच्या घराला एवढं पुरे: शिराळीचे २ वेल, कारल्याचे २, काकडीचे २, दुधी १, तांबडा भोपळा १, भेंडीची २० झाडं, चवळी दोन ओळी, मिरची ४, वांगी ४, आळूचे १० गड्डे, माठाचा एक छोटा वाफा, कुंपणाला मायाळू आणि शेवग्याची एक फांदी. आळू मोरीच्या पाण्यावर लावा, त्याला ओल आवडते. वडीचा आणि भाजीचा आळू वेगळा असतो, ज्या घरात चांगला आहे तिथूनच गड्डा मागा. शिजवताना चिंच किंवा कोकम घालायचं, म्हणजे घसा खाजत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मेथी, कोथिंबीर, पालक, टोमॅटो, कोबी आत्ता उघड्यावर नको. ज्या पाकिटांनी माझी फजिती केली तीच ही नावं. ती सगळी पाऊस सरल्यावर. भात कापल्यावर शेतात ओल असते, तिच्यावर वाल टाकता येतो.

बियाणं घेताना गावठी मागा, नाहीतर विद्यापीठाचं सुधारित मागा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने आपल्या हवेसाठी जाती काढल्या आहेत. कारल्याची 'कोकण तारा' आणि आळूची 'कोकण हरितपर्णी' त्यातल्याच. याच विद्यापीठाचं संशोधन केंद्र आपल्या कर्जतला आहे आणि रायगडचं कृषी विज्ञान केंद्र रोह्याजवळ किल्ला इथे आहे. एकटीने जायला संकोच वाटतो, तर गटाच्या दोघी जणी मिळून जा आणि आपल्या कृषी सखीला बरोबर घ्या.

नक्षत्रांचं वेळापत्रक

तारखा माझ्या लक्षात राहतात, नक्षत्रं तुमच्या. म्हणून दोन्ही लिहिते. तारखा एखाद्या दिवसाने मागेपुढे होतात.

रोहिणी (२५ मे) : राब भाजून झाले की मांडव उभा करा, वाफे आणि चर करा, गोणी भरा. वेलांचं बी रात्रभर पाण्यात भिजवून दुधाच्या पिशव्यांत पडवीखाली टाका. मिरची-वांग्याचं बीही पडवीखाली, टोपलीत. शेवग्याची फांदी लावा.

मृग (८ जून) : दोन-तीन पानं आलेली वेलांची रोपं मांडवाखाली उंचवट्यावर लावा. भेंडी आणि चवळी टोका. आळूचे गड्डे, हळद, आलं.

आर्द्रा (२२ जून) : मिरची-वांग्याची रोपं वाफ्यावर किंवा गोणीत. मच्छरदाणीखाली माठ. वेल सुतळीने मांडवाला धरून द्या.

पुनर्वसू आणि पुष्य (६ जुलै ते २ ऑगस्ट) : लावणी. या दिवसांत नवीन काही लावू नका. फक्त चराचं तोंड मोकळं ठेवा आणि गोणपाट उलटा. सगळी बाग अशी आखायची की या चार आठवड्यांत तिला दिवसाची दहा मिनिटं पुरली पाहिजेत.

आश्लेषा आणि मघा (३ ते ३० ऑगस्ट) : काकडी, शिराळी, कारली, भेंडी तोडणीला. उघडीप मिळाली की जीवामृत.

पूर्वा, उत्तरा (३१ ऑगस्टपासून) : पाऊस ओसरू लागला की मुळा, माठ परत टाका. हस्तापासून (२७ सप्टेंबर) मेथी-कोथिंबिरीची तयारी.

रानातली भाजी

जून-जुलैत बागेतून काही यायच्या आधी रान आपल्याला पोसतं. शेवळा, टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कवळा, लोत, मग कंटोळी. आपल्या ठाकूर-कातकरी वाड्यांतल्या ताई हे मला शिकवतात, मी त्यांना शिकवत नाही. दोनच गोष्टी सांगते. जी भाजी घरातल्या जाणत्या बाईने ओळखली नाही ती खाऊ नका. आणि उपटून आणू नका, खुडून आणा. दोन-चार झाडं बी धरायला ठेवा.

कंटोळीला बाजारात भाव चांगला मिळतो, म्हणून ती दारात लावायची बऱ्याच जणींची इच्छा असते. तिचे नर आणि मादी वेल वेगळे असतात. नुसता नर लावला तर फळ येत नाही, नुसती मादी लावली तरी नीट येत नाही. आठ-दहा मादी वेलांना एक नर लागतो. यंदा रानात फुलं आली की बघून ठेवा. फुलामागे काटेरी फळ असेल तो मादी वेल, त्याला लाल चिंधी बांधा. पुढच्या मेमध्ये त्याच्या कंदातला एखादा आणून लावा, सगळा वेल उपटू नका.

बी घरात ठेवा

प्रत्येक वेलावरचं सुरुवातीचं एक चांगलं फळ बियाण्याला सोडा आणि खूण बांधा, नाहीतर कोणीतरी तोडून आमटीत टाकतं. पूर्ण पिकल्यावर बी काढा, धुवा, सावलीत वाळवा, राख लावून काचेच्या बरणीत भरा. वर नाव आणि वर्ष लिहा. संकरित बियाण्याचं बी ठेवू नका, पुढच्या वर्षी फळ तसंच येईल याचा भरवसा नसतो. प्रत्येक गटाने बियाण्याचा एक डबा करावा. जी बी घेईल तिने हंगामानंतर दुप्पट परत करायचं. बचतीचा नियम बियाण्याला लावायचा, एवढंच.

मावशींनी त्या वर्षी मला शिराळीचं आणि कारल्याचं बी दिलं होतं, चिंधीत बांधून. पुढच्या वर्षी रोहिणीत आम्ही तेच वाटलं. सगळ्यांचं साधलं असं नाही. तिघींचे मांडव वाऱ्याने पडले, एकीच्या वाफ्यात कोंबड्या शिरल्या. पण ऑगस्टच्या बैठकीत एका ताईने पिशवीतून पाच काकड्या काढून सतरंजीवर ठेवल्या आणि म्हणाली, "मॅडम, हे साठ रुपये वसूल." त्या दिवशी बैठकीचं इतिवृत्त लिहून होईपर्यंत एकही काकडी उरली नव्हती.

या मेच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवून नोंदवहीत लिहा. कोणाकडे कोणतं गावठी बी आहे? मांडव उभारायला कोण कोणाकडे कोणत्या दिवशी जाणार? आणि ज्यांना अंगण नाही त्यांच्यासाठी गोणी कोण आणणार? रोहिणी लागायच्या आधी हे झालं, तर जुलैत मी पाकिटं घेऊन बांधावर येणार नाही. आले तर भाजी न्यायला येईन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, खोपोली